शाळेच्या पेटीतली पाच होकायंत्रं उलटी दिशा दाखवतात, काय करू?

शाळेची_घंटा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी जावळी तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आज चुंबकाचा पाठ सुरू करायचा म्हणून विज्ञानपेटी उघडली. त्यात बारा होकायंत्रं आहेत, दहाच्या नाण्याएवढी. मुलांचे बारा गट केले, पटांगणात पांगवले आणि म्हटलं, लाल टोक जिकडे वळेल तिकडे तोंड करून उभे राहा. सात गट डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, पाच नदीकडे. आधी वाटलं पोरं खोड्या काढताहेत. जवळ जाऊन पाहिलं तर सुई खरंच उलटी. अडकलेली नाही, मंद नाही. कितीही फिरवा, डोलत डोलत लाल टोक परत दक्षिणेलाच.

एका मुलीने विचारलं, "बाई, सात जणांचं खरं की पाच जणांचं?" डोंगर उत्तरेला आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, म्हणून निकाल लागला. तर म्हणाली, "आणि डोंगर नसता तर?"

दुसऱ्या एकाने विचारलं, चुंबक हात न लावता कसा ओढतो? मी व्याख्या सांगितली: चुंबकाभोवती ज्या भागात त्याचा परिणाम जाणवतो ते चुंबकीय क्षेत्र. वहीत लिहून घेतलं सगळ्यांनी. पण त्या मुलाकडे बघून मला कळलं की मी त्याचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत त्याला परत दिला होता. ते मनाला लागून राहिलंय.

म्हणून विचारते. सुया उलट्या झाल्या कशा, त्या सुधारता येतील का, आणि त्या मुलाला काय सांगू? नवीन होकायंत्रं मागवता येतील, पण हे कोडं न सोडवता ही पाच टाकून द्यायला मन होत नाही.

वायंडरदादा | सोमवार, रात्री १०.१५

ताई, पेटीत आणखी काय काय आहे? एखादा मोठा चुंबक त्यांच्या शेजारी ठेवलाय का?

शाळेची_घंटा | सोमवार, रात्री १०.२२

थर्मोकोलमध्ये चार पट्टीचुंबक आहेत. आणि हो, गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी भोंग्याचं युनिट जळलं होतं. त्यातला काळा जाड कडीसारखा चुंबक मीच काढून फडक्यात गुंडाळून त्याच पेटीत ठेवला होता, मुलांना दाखवायला म्हणून.

वायंडरदादा | सोमवार, रात्री १०.५०

सापडलं मग.

मी इचलकरंजीला मोटर रिवायंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. शिक्षण फार नाही, पण चुंबक रोज हातात असतो म्हणून सांगतो.

आमच्याकडे दोन जातीचं लोखंड येतं. एक स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या पत्र्यांचं, त्याला आम्ही स्टँपिंग म्हणतो. ते विजेने पटकन चुंबक होतं आणि वीज गेली की तितक्याच पटकन विसरतं. मोटरीत तेच लागतं, कारण तिथे सेकंदाला ५० वेळा सगळं उलटसुलट होत असतं. दुसरं पोलाद: पेचकस, हेक्सा ब्लेड, कानस. हे चुंबक व्हायला हट्टी, पण एकदा झालं की धरून ठेवतं. होकायंत्राची सुई या दुसऱ्या जातीची असते. तिचे ध्रुव कारखान्यात दिलेले असतात, जन्मजात नसतात. दिलेली गोष्ट जास्त जोराचा चुंबक काढून घेऊ शकतो आणि उलटीही देऊ शकतो.

आता सुई मोकळी असती तर मोठा चुंबक जवळ आल्यावर ती नुसती गर्रकन फिरली असती, उलटी झाली नसती. पण पेटीत होकायंत्रं आडवी-उभी पडलेली असणार. सुई काचेला टेकून अडकली, फिरायला जागा नाही, आणि शेजारी भोंग्याचा चुंबक. फिरता येईना तेव्हा सुईच्या आतलं चुंबकत्व फिरलं. ज्या सात सुया लांब होत्या किंवा सरळ पडल्या होत्या त्या वाचल्या.

दुरुस्ती सोपी आहे, त्याच चुंबकाने होईल.

आधी एक चांगलं होकायंत्र घ्या आणि कडीच्या चुंबकाची सपाट बाजू लांबून, वीतभर अंतरावरून, हळूहळू त्याच्याकडे आणा. जी बाजू लाल टोकाला ओढेल ती दक्षिण ध्रुवाची. तिच्यावर खडूने खूण करा. मग बिघडलेलं होकायंत्र उभं धरा, म्हणजे सुई काचेला टेकून थांबेल. खूण केलेली बाजू सुईच्या शेपटाकडून लाल टोकाकडे काचेवरून घासत न्या आणि टोकाच्या पुढे जाऊन उचला. परत येताना हवेतून, लांबून या. नेहमी एकाच दिशेने, पाच-सात वेळा. घासणारा ध्रुव जिथून सुटतो त्या टोकाला त्याच्या विरुद्ध ध्रुव मिळतो. दक्षिणेने घासलं तर लाल टोक उत्तर होणार.

आणि तो काळा चुंबक यापुढे वेगळ्या कपाटात ठेवा. तो आदळला तर टवका उडतो, मुलांना सांगून ठेवा.

मीठभाकर | सोमवार, रात्री ११.०५

दादा, फार सुंदर समजावलंत. पेचकसाला चिकटलेले स्क्रू रोज बघतो पण असा विचार कधी केला नव्हता. नको असताना चुंबक झालेली हत्यारं तुम्ही परत साधी कशी करता?

वायंडरदादा | सोमवार, रात्री ११.२०

ग्रोलर असतो आमच्याकडे, आर्मेचर म्हणजे मोटरीचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग तपासायचा. एसीवर चालणारा चुंबकच तो. आर्मेचर त्याच्यावर ठेवून हेक्सा ब्लेड खाचांवरून फिरवायचं. ज्या खाचेत शॉर्ट असेल तिथे ब्लेड थरथरतं. त्याच ग्रोलरवर पेचकस धरायचा आणि चालू ठेवूनच सावकाश दोन हात लांब न्यायचा. प्रत्येक उलटसुलट झटका आधीच्यापेक्षा थोडा कमी, असं होत होत आतलं सगळं विस्कटून जातं. मध्येच स्विच बंद केला तर मात्र होता त्यापेक्षा जास्त चुंबक होऊन बसतो.

ध्रुवमत्स्य | मंगळवार, सकाळी ७.१०

"आणि डोंगर नसता तर?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला माझा मनापासून नमस्कार कळवा. सगळी होकायंत्रं उलटी असती तर मतदानाने चुकीचाच निकाल लागला असता. म्हणजे होकायंत्राबाहेरचा साक्षीदार हवा.

तो पटांगणातच आहे. सपाट जागी हातभर काठी ओळंब्याने सरळ रोवा. सकाळी नऊ-साडेनऊला सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीला सुतळी बांधून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सावली दुपारपर्यंत आखडत जाईल, मग पुन्हा वाढेल. दुपारी तिचं टोक वर्तुळाला पुन्हा जिथे शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिला काटकोनात काढलेली रेषा दक्षिणोत्तर. आपल्याकडची फार जुनी रीत आहे ही, यज्ञवेदीच्या आखणीपासूनची. रात्री ध्रुवताऱ्यावरून पडताळा घेता येईल.

महाराष्ट्रात आणखी एक सोय आहे. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात बऱ्याच देशांत मोठा फरक असतो, तो हिशेबात धरावा लागतो. आपल्या भागात तो जवळपास शून्य आहे. सावलीची रेषा आणि चांगली सुई डोळ्याला एकच दिसायला हव्यात.

कणकण | मंगळवार, दुपारी १.३०

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकलो आणि काही वर्षं शिकवलंही, त्यामुळे "व्याख्या दिली आणि प्रश्न परत केला" हे वाक्य फार ओळखीचं वाटलं.

आपण म्हणतो चुंबकाने टाचणी ओढली. पण टाचणीला चुंबकाची काहीच खबर नसते. ती जिथे आहे तिथे, तिच्या अगदी शेजारच्या जागेत, काय चाललंय एवढंच तिला लागू पडतं. चुंबक आजूबाजूच्या जागेलाच एक गुण देतो: इथे इतका जोर, या दिशेने. तिथे टाचणी असो वा नसो, तो गुण आहेच. यालाच क्षेत्र म्हणायचं. रिकाम्या वाटणाऱ्या जागेला असा गुण असू शकतो ही कल्पना मायकेल फॅरडेने एकोणिसाव्या शतकात धरून ठेवली. गणित फारसं येत नसलेला बुकबाइंडरचा उमेदवार होता तो. पुढे मॅक्सवेलने त्याच कल्पनेला समीकरणं दिली.

मुलांना हे हाताने करू द्या. चांगल्या होकायंत्राभोवती काहीही नसताना सुई एका दिशेला ठाम उभी राहते. म्हणजे पटांगणातल्या प्रत्येक बिंदूत काहीतरी आहे. बारा मुलं बारा जागी उभी राहिली की ते क्षेत्र डोळ्यांना दिसतं. मग मध्ये पट्टीचुंबक ठेवा आणि मुलांना जवळ जवळ यायला सांगा. सुया वळायला लागतील, प्रत्येक जागी वेगळ्या. कागदावर त्या दिशा बाणांनी काढल्या की जे चित्र होतं ते पुस्तकातल्या बलरेषांचं.

लोहकीस वापरणार असाल तर एक काळजी घ्या. कीस ओळींमध्ये जमतो आणि मुलांना वाटतं की रेषा म्हणजे खरोखरचे दोरे आहेत, आणि दोन ओळींमधल्या जागेत काही नाही. तसं नाही. किसाचा प्रत्येक कण स्वतः इवलासा चुंबक होतो, पुढच्याला शेपटीने धरतो, बाजूच्याला दूर लोटतो, म्हणून ओळी पडतात. कागद पुन्हा टिचकवा, ओळी दुसऱ्या जागी पडतील. क्षेत्र सलग आहे.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, कारण तो ओढणं आणि वळवणं वेगळं करून दाखवतो. शिवणाची सुई चुंबकावर घासून घ्या, थर्मोकोलच्या चकतीत खुपसून पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध सोडा. परात पितळेची किंवा प्लास्टिकची हवी. चकती फिरते, सुई उत्तर-दक्षिण होते आणि थांबते. मुलांना विचारा: उत्तर तिला खेचते आहे ना, मग ती उत्तरेच्या काठाला जाऊन का लागत नाही?

कारण सुईच्या एका टोकाला उत्तरेकडे जेवढा जोर, दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे नेमका तेवढाच. पृथ्वीचं क्षेत्र परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सारखंच आहे. अशा सारख्या क्षेत्रात चुंबक फक्त वळतो, सरकत नाही. आता परातीच्या काठाशी पट्टीचुंबक आणा. चकती वळेल आणि धावतही सुटेल. चुंबकाजवळ क्षेत्र इंचाइंचाला बदलतं, जवळच्या टोकाला ओढ जास्त आणि लांबच्या टोकाला ढकल कमी. टाचणीचंही हेच होतं. ती आधी तात्पुरती चुंबक बनते, चुंबकाजवळच्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो, मग जवळची ओढ लांबच्या ढकलीवर मात करते. त्या मुलाला हे सांगा: बदलत्या क्षेत्रात उभं असल्याचा हा परिणाम आहे.

शाळेची_घंटा | मंगळवार, रात्री ८.४५

कणकण, परातीचा प्रयोग आत्ता घरी केला. माझी आई सत्तर वर्षांची आहे, तीही शेजारी बसून बघत होती. चकती फिरून थांबली तेव्हा ती म्हणाली, "जागच्या जागी नमस्कार करते की गं." मी वीस वर्षं शिकवतेय आणि वळणं आणि ओढणं यातला फरक आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

अजून एक अडचण. सजातीय ध्रुव एकमेकांना लोटतात, विजातीय ओढतात, हे आधीच्याच पानावर शिकवलंय. उद्या नक्की कोणीतरी विचारणार की सुईची उत्तर पृथ्वीच्या उत्तरेकडे कशी ओढली जाते?

कणकण | मंगळवार, रात्री ९.३०

बरोबर विचारणार. पृथ्वीच्या उत्तरेकडे चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे, एवढंच उत्तर. माणसांनी आधी सुईच्या टोकाला नाव दिलं, "उत्तर शोधणारं टोक". पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडलं, तोवर टोकाचं नाव रुळून गेलं होतं.

तो ध्रुव एका जागी खिळलेलाही नाही. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी तिथे पोहोचला तेव्हा तो ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात होता. आता तो आर्क्टिक समुद्र ओलांडून सायबेरियाच्या बाजूला सरकलाय. पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा वितळलेला रस ढवळला जातोय, त्यातून वाहणाऱ्या विजेतून हे क्षेत्र तयार होतं. तिथलं लोखंड भोंग्यातल्या चुंबकासारखं नाही, कारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचं चुंबकत्व टिकतच नाही आणि पृथ्वीचा गाभा त्याच्या कित्येक पट तापलेला आहे.

यारानदीकाठ | बुधवार, पहाटे ५.२०

मेलबर्नहून. माझा अनुभव इथे उपयोगी पडेल. पुण्यात घेतलेलं ट्रेकिंगचं होकायंत्र इकडे आणलं आणि पहिल्याच भटकंतीत सुई अडखळायला लागली. एक टोक वर, काचेला घासत. खराब झालं समजून दुकानात नेलं, तर तिथल्या माणसाने सांगितलं की ते बिघडलेलं नाही, दुसऱ्या गोलार्धासाठी तोललेलं आहे.

पृथ्वीचं क्षेत्र जमिनीला समांतर नसतं. महाराष्ट्रात ते पंचवीसेक अंश जमिनीत घुसतं, म्हणून उत्तरेचं टोक खाली झुकतं आणि कारखानदार दुसऱ्या टोकाला किंचित वजन देऊन सुई तोलतो. मेलबर्नला क्षेत्र जमिनीतून वर येतं, जवळपास सत्तर अंशांनी. मग ते वजन आणि क्षेत्र दोन्ही एकाच बाजूला काम करतात.

मुलांना दाखवायचं असेल तर शिवणाची सुई बरोबर मध्यावर दोऱ्याला टांगून तोलून घ्या, मग चुंबकावर घासा. वजन तेच, पण आता एक टोक खाली जाईल.

कणकण | बुधवार, सकाळी ८.००

आणि दक्षिणेकडे गेलं की हा झुकाव कमी होत होत केरळ-तमिळनाडूच्या टोकाशी शून्य होतो. तिथून चुंबकीय विषुववृत्त जातं. १९६३ मध्ये भारताचं पहिलं अग्निबाण-केंद्र थुंब्याला उभं राहिलं ते त्यासाठीच. त्या रेषेच्या वर आकाशात विजेचा जो प्रवाह वाहतो तो अभ्यासायचा होता.

चौलमार्गे | बुधवार, दुपारी ४.१५

अलिबागच्या वेधशाळेचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही. माझं बालपण तिच्या आसपास गेलं.

मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसावं शतक उजाडताना मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या रुळांतून आणि तारांतून वाहणारी वीज म्हणजे शहरभर पसरलेला चुंबक, त्यात पृथ्वीचा बारीक आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं आणि त्यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, जुन्या आणि नव्या नोंदींचा धागा तुटू नये म्हणून. १९०७ ला ट्राम धावली तेव्हा सगळं सुखरूप हललेलं होतं.

त्या इमारतीला लोखंड वापरलेलं नाही. आपल्याकडचा काळा दगडसुद्धा नाही, पोरबंदरचा दगड आणला. ही माहिती पहिल्यांदा कळली तेव्हा मी त्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिलो होतो. भिंतीच्या दगडाचंही चुंबकत्व हिशेबात धरणारी माणसं!

१८५९ च्या २ सप्टेंबरला सूर्यावरच्या वादळाचा तडाखा पृथ्वीला बसला. कुलाब्याच्या माणसांनी टांगलेल्या चुंबकाची हालचाल डोळ्यांनी वाचून वहीत उतरवली. आडव्या, म्हणजे जमिनीला समांतर क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग), म्हणजे इथल्या क्षेत्राच्या चारेक टक्के. आजही त्या वादळाचा आकार काढायला जगभरचे शास्त्रज्ञ त्या वहीकडे येतात.

कातळकडा | बुधवार, रात्री १०.००

चौलमार्गे यांनी काळ्या दगडाचं नाव काढलं आणि मला बोलायची संधी मिळाली. मी भूशास्त्राचा विद्यार्थी, सह्याद्री पालथा घालतो.

आपला बेसाल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकीय खनिजाच्या जातीचे बारीक कण असतात. लाव्हा थिजून पाच-सहाशे अंशांच्या खाली आला की हे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडतात आणि सोडत नाहीत. होकायंत्र बनवून दगडात गाडून ठेवावं तसं. गडाच्या माथ्यावर, विशेषतः वीज पडलेल्या कातळावर होकायंत्र टेकवलं तर सुई भलतीकडे जाते; ट्रेकर मंडळींनी ते नेहमी कातळापासून उंच, छातीशी धरावं.

पण शाळेची_घंटा ताई, तुमच्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. सह्याद्रीतला बराचसा लाव्हा उलटा आहे. तुमच्या पाच होकायंत्रांसारखा. महाबळेश्वरचा घाट चढताना खालचे थर उलटे आणि अगदी वरचे सुलटे. तो लाव्हा थिजत होता तेव्हा पृथ्वीचेच ध्रुव आजच्या उलट होते, आणि लाव्हा ओतला जात असतानाच ते पालटले. तुमच्या तालुक्याच्या वरच्या डोंगरात ती नोंद आहे.

आणि झुकाव! वर मेलबर्नचा अनुभव आलाय ना, तोच न्याय. झुकावावरून अक्षांश कळतो. दख्खनच्या दगडातला झुकाव मोजला तेव्हा त्यावरून अक्षांश आजच्यासारखा १८ अंश उत्तरेचा निघाला नाही, सुमारे ३० अंश दक्षिणेचा निघाला. ही मोजमापं १९५० च्या दशकात झाली, जेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. आपल्या पायाखालचा दगड त्या वादातला साक्षीदार होता.

मीठभाकर | गुरुवार, सकाळी ९.१०

वाचून अंगावर काटा आला.

जाता जाता स्वयंपाकघरातलं विचारतो. इंडक्शनला स्टीलचं एक पातेलं चालतं, दुसरं चालत नाही. दोन्ही स्टीलच. असं का?

वायंडरदादा | गुरुवार, दुपारी १२.४०

बुडाला चुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल. स्टेनलेसमध्ये निकेल जास्त असलेलं जे ३०४ नंबरचं येतं त्याला चुंबक धरत नाही, ४३० नंबरच्याला धरतो. शेगडीत तांब्याची वाटोळी कॉइल असते, ती सेकंदाला हजारो वेळा चुंबक उलटसुलट करते आणि पातेल्याच्या बुडातच वीज घुमते, त्याने बूड तापतं. बिडाचा तवा, लोखंडी कढई उत्तम. तांब्या-ॲल्युमिनियमला नाही जमत.

पांढराकोट | गुरुवार, रात्री ११.३०

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. शाळेचा धागा आहे म्हणून दोन गोष्टी सांगायच्याच आहेत.

आमचं यंत्र १.५ टेस्लाचं. इथल्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५,००० पट. ते रात्रीही चालू असतं, वीज गेली तरी चालू असतं, कारण त्याची कॉइल द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते आणि तिच्यात एकदा सोडलेला प्रवाह फिरत राहतो. कणकण यांनी "बदलतं क्षेत्र ओढतं" लिहिलंय ते आम्ही दारात अनुभवतो. धोका यंत्राच्या मध्यात कमी आणि तोंडाशी जास्त, कारण क्षेत्र तिथेच झपाट्याने चढतं. खोलीत आलेला ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर तिथे गोळ्यासारखा सुटतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हल्ली खेळण्यांत चकचकीत मण्यांएवढे निओडिमियम चुंबक येतात. मुलाने एक गिळला तर बहुतेक वेळा बाहेर पडतो. दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना शोधतात आणि मधली भिंत चिमटीत धरतात. तिथलं रक्त थांबतं, भोक पडतं. सुरुवातीला नुसती पोटदुखी आणि उलटी वाटते. असा संशय आला तर वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयात न्यायचं आणि "चुंबक" हा शब्द सांगायचा. शाळेत हे मणी आणू देऊ नका, एवढी विनंती.

शाळेची_घंटा | शनिवार, सायंकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पांढराकोट, तुमचा प्रतिसाद मी पालकांच्या गटावर पाठवला. एका घरी ते मणी होते, त्यांनी आजच बाजूला काढले.

सकाळी काठी रोवली. सव्वानऊला पहिली खूण, दुपारी पुन्हा दुसरी. मधल्या वेळात कोणी सावलीजवळून जाऊ नये म्हणून मुलांनी आपणहून राखण बसवली. रेषा काढल्यावर ती मुलगी सात चांगली होकायंत्रं एकेक करून रेषेवर ठेवत गेली. सातही जुळली. मग म्हणाली, "आता डोंगर नको."

दुरुस्ती वायंडरदादांनी सांगितली तशीच केली. चार सुया पहिल्याच प्रयत्नात सुधारल्या. पाचवी सुधारली नाही, तिची खालची अणीच झिजलीय, ती आता अडकायला लागलीय. एक सुधारलेली सुई मुलांनी मुद्दाम पुन्हा उलटी करून पाहिली आणि पुन्हा सुलटी केली. मी थांबवलं नाही.

मग कातळकडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आमच्या शाळेची कुंपणभिंत काळ्या घडीव दगडाची आहे. जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी होकायंत्र घेऊन भिंतीला लागल्या. एकेका दगडाला टेकवायचं, सुई किती हलते बघायचं, खडूने बाण काढायचा. हलते चार-पाच अंशच, पण हलते. सत्तावीस दगड झाले. एका दगडाला सुई डावीकडे जाते, शेजारच्याला उजवीकडे, काहींना काहीच नाही. तिने वहीत भिंतीचं चित्र काढून आणलं आणि विचारलं, "बाई, सगळे एकाच खाणीतले ना? मग बाण एका दिशेला का नाहीत? गवंड्याने दगड उलटेसुलटे बसवले म्हणून?"

कातळकडा, मी तिला म्हटलं की खात्रीने सांगू शकणाऱ्या माणसाला विचारून सांगते. बरोबर आहे का तिचं?

कातळकडा | शनिवार, रात्री ८.०५

ताई, बरोबर आहे. खाणीत असताना दगडांची दिशा एक होती, गवंड्याने बसेल तसा दगड फिरवला आणि प्रत्येक दगड आपली जुनी दिशा बरोबर घेऊन फिरला.

आमच्याकडे ही मान्य कसोटी आहे. नदीने गोळा केलेल्या गोट्यांचा थर मिळाला की आम्ही एकेका गोट्याची दिशा मोजतो. त्या विस्कटलेल्या निघाल्या तर चुंबकत्व गोटे वाहून येण्याआधीचं, खडकाच्या मूळ जागचं. सगळ्या एकाच दिशेला निघाल्या तर ते नंतर कधीतरी चढलेलं. तिने नदीऐवजी गवंडी वापरला, बाकी कसोटी तीच. तिच्या वहीतल्या चित्राचा फोटो मला पाठवाल का? आणि ज्या दगडांना काहीच झालं नाही त्यांना दुसऱ्या बाजूनेही होकायंत्र लावून बघायला सांगा. त्यांची दिशा भिंतीच्या आत शिरत असेल.

शाळेची_घंटा | शनिवार, रात्री ८.२०

सोमवारी पहिल्याच तासाला सांगते. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला शेत आहे, मालकांना विचारून जाऊ.